पाठीवरची ढलपी

त्या दुकानात काम करणारी माणसं दोन, पण बोलबाला एकाचाच. हाताने घडवलेलं लाकडी धनुष्य हवं असलं की लोक म्हणायचे, "दादांकडे जा." दादा आणि त्यांच्या बहिणीकडे जा, असं एकतीस वर्षांत कुणाच्या तोंडून निघालं नाही. बहिणीनेही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. निदान ती तसं सांगायची.

तिला सगळे दोरीताई म्हणत. खरं नाव कागदपत्रांपुरतं उरलं होतं. धनुष्याच्या दोऱ्या वळायच्या, मुठीला चामडं चढवायचं, टोकांना रेशमी दोरा गुंडाळायचा आणि शेवटी सगळ्यावर तेलाचा हात फिरवायचा, एवढं तिचं काम. लाकडाला सुरी लावायची ती फक्त दादाने. सासर दोन वर्षांत आटोपून ती परत आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. आल्या दिवशी दादाने काही विचारलं नाही. एक स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाला, "बस. दोऱ्या वळ." त्या न विचारण्याचे उपकार ती जन्मभर विसरली नाही. पुढे दादाला तिने फारसं काही विचारलंच नाही, त्याचं मूळ बहुधा तिथेच होतं.

दादा तोंडाचा फटकळ आणि हाताचा हळवा. लाकडाची फळी उभी चिरून दोन-दोन वर्षं वाळवायचा, मग दोन मुठींची सुरी दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढत एकेक पापुद्रा काढायचा. झाड दरवर्षी अंगावर एक थर चढवतं. धनुष्याची पाठ, म्हणजे बाणाच्या दिशेची बाजू, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वर्षाच्या थराची असावी लागते. तो थर कुठे कापला गेला तर धनुष्य वाकताना नेमकं तिथून फुटतं. हे दादा येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा आणि वर म्हणायचा, "माझं धनुष्य तुटत नाही. तोडावं लागतं." लोकांना ते वाक्य पाठ झालं होतं.

मग एका सकाळी दुकानातच त्याच्या हातून कप पडला आणि पाठोपाठ तोही. उजवी बाजू गेली. जीभ वाचली, थोडी जड झाली एवढंच. तेव्हापासून आठ महिने तो खिडकीपाशी खुर्चीत बसायचा. दुकानाच्या मागेच घर होतं. वहिनी दहाला त्याला धरून आणायची, दीडला जेवायला घेऊन जायची. मधल्या वेळात तो रस्त्याकडे बघायचा आणि दोरीताईचं काही चुकलं तर घसा खाकरायचा. नवीन धनुष्य आता होत नव्हतं. जुन्यांच्या दोऱ्या, जुन्यांची डागडुजी, यावर दुकान कसंबसं तग धरून होतं.

थंडीचे दिवस होते. दुपारपर्यंत धुकं हलायचं नाही, लाकूड चिकटवायचा सरस वाळायला दुप्पट वेळ लागायचा. अशाच एका सकाळी नर्सबाई आल्या. दवाखान्यातली रात्रपाळी संपवून तशाच आल्या होत्या, डोळे तारवटलेले, खांद्यावर कापडी पिशवीत धनुष्य.

"ताई, याला बघा ना काय झालंय," त्या म्हणाल्या. "काल तेल लावत होते. कापूस पाठीवर अडकला. परत फिरवला, परत तिथेच."

दोरीताईने धनुष्य टेबलावर आडवं ठेवलं. मुठीच्या वर वीतभर अंतरावर, पाठीवर, बोटभर लांबीची एक ढलपी एका टोकाने उचलली होती. नखाखाली जाईल इतकीच. बघणाऱ्याला वाटेल, ओरखडा आहे.

"वापरलंत का यानंतर?"

"छे. दादांनीच सांगितलं होतं, पाठीवर काही अडकलं तर ओढू नका म्हणून." त्या खिडकीकडे वळल्या. "बरोबर ना, दादा?"

दादाने मान हलवली. एरवी धनुष्य दुकानात आलं की तो "इकडे आण" म्हणायचा, मांडीवर घेऊन डाव्या अंगठ्याने चाचपायचा. आज म्हणाला, "ढलपीच आहे. सरस भर, दोरा गुंडाळ, दे. भिंग घेऊन कीस काढत बसू नकोस."

दोरीताईला ते खटकलं, पण क्षणभरच. आजारी माणूस, कधी कसा बोलेल सांगता येत नाही. नर्सबाईंनी पर्समधून एक कोरी सिरिंज काढून टेबलावर ठेवली. "सरस आत घालायला उपयोगी पडेल. सुई जाड आहे," म्हणाल्या आणि झोपायला घरी गेल्या.

आता अशी ढलपी बसवायची म्हणजे आधी जागा स्वच्छ करायची. तेलावर सरस धरत नाही. दोरीताईने कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं आणि पाठ पुसायला लागली. हे धनुष्य गडद रंगाचं होतं. आजारी पडण्याआधीच्या वर्षात दादाने सगळी धनुष्यं अशी गडद करायला लावली होती. "हल्ली गिऱ्हाइकांना पिवळं आवडत नाही," म्हणाला होता. रंग तिनेच लावला होता, दोन-दोन हात. बोळा तपकिरी झाला, दुसरा झाला, तिसरा झाला, आणि खालून लाकूड उघडं पडलं.

तिला आधी वाटलं, आपले डोळे गेले. ढलपीभोवती लाकडावर लंबगोल रेघा होत्या, एकात एक, नकाशावर डोंगर दाखवतात तशा. पाठीवर अशी एकही रेघ दिसता कामा नये. एक रेघ म्हणजे एक थर कापलेला. इथे तीन होत्या. ढलपी म्हणजे त्या कापलेल्या थराचं उघडं पडलेलं टोक, दुसरं काही नाही.

जवळच लाकडात एक छोटी गाठ होती. गाठीपाशी सुरी उचलून, वळसा घालून न्यावी लागते. ही सुरी सरळ घुसली होती. शिकाऊ माणसाकडून व्हावं तसं.

तिने भिंग घेतलं. खालच्या बाजूचाही रंग पुसला. मुठीच्या खाली आणखी एक गाठ, तिच्याशी आणखी एक खड्डा; पण हा हाताला लागत नव्हता. तिने नखाने खरवडलं. नखात पिवळी भुकटी आली. लाकडाचा भुसा सरसात कालवून खड्डा भरला होता, वरून घासून गुळगुळीत केला होता आणि मग बहिणीच्या हातून गडद रंग देववला होता.

चूक एखाद्याच्या हातून होते. भुसा आपोआप भरला जात नाही.

तिने नखातली भुकटी कागदावर झटकली. दादा खिडकीतून बाहेर बघत होता. इतक्या एकाग्रतेने, की बाहेर धुक्याशिवाय काही नाही हे तिच्याही लक्षात यावं.

"दादा, या गाठीपाशी भुसा भरलाय."

त्याने डाव्या हाताने शाल खांद्यावर ओढून घेतली.

"इथे आपण दोघंच. मी तर भरला नाही."

"चहा सांग तुझ्या वहिनीला."

"चहा होईल. कितींमध्ये भरलायस?"

दादाने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग म्हणाला, "गडद आहेत ती सगळी."

म्हणजे सहा. तिने मनातल्या मनात मोजली. प्रत्येक दोरी तिने वळलेली, कुणाचा हात किती लांब हे तिला तोंडपाठ होतं.

"सकाळी उठलो की ही दोन बोटं माझी नसायची," दादा रस्त्याकडे बघतच सांगू लागला. "अकरा वाजेपर्यंत परत यायची. म्हटलं, येतायत ना परत. मग बारा वाजायला लागले. सुरी कुठे चाललीय ते हाताला कळायचंच नाही, डोळ्याला दिसायचं तेव्हा उशीर झालेला असायचा."

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"तो म्हणाला असता, सुरी खाली ठेव."

"मग मला द्यायची होतीस."

दादाने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तुला?" तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिने उलटून उत्तर दिलं असतं. त्या घरात टोमण्यांची सवय होती. तो खरोखर चकित झाला होता. एकतीस वर्षं हाताच्या अंतरावर बसलेल्या बहिणीला सुरी देता येते, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. भुसा भरणं सुचलं, रंग सुचला, हे सुचलं नाही. दोरीताई उठली आणि चहा सांगायला मागे गेली, कारण तिला तिथे बसवेना.

वहिनीला तिने सगळं सांगितलं. वहिनी गॅसकडे तोंड करून ऐकत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांच्याकडे आता नावाशिवाय राहिलंय काय? कशाला उघडता?"

"त्या मुठीत लोकांचे डोळे आहेत, वहिनी. तोंडासमोर ताणून धरतात ते. तुटलं तर कुठे लागेल?"

"आठ महिने झाले, तुटलं का एखादं?"

दोरीताई चहाचा कप घेऊन दुकानाकडे वळली. तिला स्वतःचाही संशय येत होता. रंग लावताना आपल्याला खरंच काही दिसलं नव्हतं? पाठीवरून हात फिरवताना एकदा तरी अडखळला नव्हता? अडखळला असेलही. दादाच्या कामावर बोट कोण ठेवणार, म्हणून तिने पुढचा हात मारला असेल. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं.

दुसऱ्या दिवसापासून ती धनुष्यं गोळा करायला निघाली.

दोन तिरंदाजी मंडळाच्या कपाटात होती. तिथल्या कारकुनाला तिने "दोऱ्या बदलायच्यात" असं सांगितलं आणि घेऊन आली. एक परगावी गेलेल्या बाईंकडे होतं. तिने पत्र टाकलं, फोन केला, उत्तर आलं नाही. चौथं एका निवृत्त मोजणीदाराकडे होतं. त्यांनी ते दिवाणखान्यात भिंतीवर टांगलं होतं, खाली छोटा दिवा लावून. "दादांच्या हातचं अखेरचं काम आहे हे," ते म्हणाले. "मी ते भिंतीवरून काढणार नाही." तिने खरं कारण सांगितलं. मोजणीदार हसले. "बाई, तुमच्या भावाचा हात चुकला असं तुम्ही म्हणता? त्यांना विचारून या." तिने त्यांच्याकडून एवढं कबूल करून घेतलं की ते कधी ओढणार नाहीत, आणि निघाली. पाचवं नर्सबाईंचं, ते दुकानातच होतं.

सहावं लाकडाच्या वखारीत हिशेबनीस असलेल्या एका माणसाचं. लांब हातांचा, लाजाळू, दर रविवारी मैदानावर सर्वांत आधी हजर. त्याला कुणी कित्येक महिन्यांत मैदानावर बघितलं नव्हतं. दोरीताई वखारीत गेली तर कळलं, तिथली नोकरीही सोडलीय. पत्ता घेऊन ती तिसऱ्या मजल्यावर चढली. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो आतल्या खोलीत पलंगावर बसून लिफाफे चिकटवत होता. डाव्या डोळ्यावर पट्टी नव्हती, काही नव्हतं. पापणी मिटलेली आणि आत बसलेली होती.

दोरीताई दारातच उभी राहिली.

"या ना ताई," तो उठत म्हणाला. "दादा कसे आहेत? मला यायचं होतं बघायला. पण म्हटलं, त्यांना आधीच एवढा त्रास, त्यात माझं तोंड कुठे दाखवू."

"हे कधी झालं?"

"त्यांना झटका आला त्याच्या पुढच्या महिन्यात. दोष माझाच. उन्हात राहिलं असेल धनुष्य, नाहीतर जास्त ओढलं गेलं. दादांचं धनुष्य असं तुटत नाही ना." तो ओशाळवाणं हसला. "मी कुणाला बोललो नाही. उगाच त्यांच्या कामाला बट्टा."

बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "सात महिने हेच ऐकतेय मी. मी असं केलं असेल, मी तसं केलं असेल. मीही बोलले त्यांना. खूप बोलले."

त्याने कपाटातून जुन्या चादरीत बांधलेले दोन तुकडे काढले. फेकवले नव्हते. दोरीताईने ते मांडीवर घेतले, पदराच्या टोकाने तुटलेल्या जागेजवळचा रंग घासला आणि नखाने खरवडून त्याच्या तळहातावर पिवळी भुकटी ठेवली. मग सांगितलं. काही राखून ठेवलं नाही, रंग आपण लावला हेही सांगितलं.

तो तळहाताकडे बघत राहिला. मग बोटाने ती भुकटी चोळून बघितली.

"म्हणजे मी काहीच केलं नव्हतं," तो म्हणाला. मग बायकोकडे वळून, थोड्या मोठ्याने, "ऐकलंस का? मी काही केलं नव्हतं." आणि लहान मुलासारखा रडू लागला. उघड्या डोळ्यातून पाणी आलं तसं मिटलेल्यातूनही आलं.

बायकोने जवळ जाऊन त्याचं डोकं पोटाशी धरलं. दोरीताईकडे न बघता ती म्हणाली, "तुम्ही उठा आता."

दोरीताई उठली. जिना उतरून ती थेट दुकानात गेली.

दादाला तिने त्याच दुपारी सांगितलं. आडपडदा ठेवायची ताकद तिच्यात उरली नव्हती. त्याने एकच विचारलं, "कुठला डोळा?"

"डावा."

दादाने चांगला हात उचलून स्वतःच्या डाव्या डोळ्यावर ठेवला आणि उरलेल्या एका डोळ्याने खोली बघितली. टेबल, भिंतीवरच्या कानशी, रंधे, वर आढ्याला टांगलेल्या फळ्या. बऱ्याच वेळाने हात खाली घेतला. "मला घेऊन चल त्याच्याकडे," म्हणाला.

वहिनीने आणि तिने मिळून त्याला टॅक्सीत बसवलं. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि तीन मजले चढणं त्याला शक्य नव्हतं. दोरीताई एकटी वर गेली. या खेपेला दार साखळी लावूनच उघडलं. "खाली दादा आलेत," ती म्हणाली. "त्यांना माफी मागायचीय. पाच मिनिटं खाली येतील का?"

बायको आत जाऊन आली. "हे येणार नाहीत. त्यांना राग नाही म्हणतात. मला आहे." आणि दार लागलं.

दादा टॅक्सीचं दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर काढून बसला होता. थंडी असून दार लावू देत नव्हता. ड्रायव्हर कंटाळून हातावर हात चोळत उभा. तिने उत्तर जसंच्या तसं सांगितलं. दादा म्हणाला, "थांबू थोडं. मन बदलेल." ते अर्धा तास थांबले. मग ड्रायव्हरनेच वाकून दादाचा पाय उचलून आत ठेवला.

त्यानंतर दादा दुकानात येईनासा झाला. दहा वाजले की वहिनी विचारायची आणि तो भिंतीकडे तोंड करायचा.

दोरीताईने मात्र नर्सबाईंचं धनुष्य कामाला घेतलं. तोडून शेगडीत घालावं असं एकदा मनात आलं होतं. नर्सबाईंना तिने सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दुरुस्त होईल का? निम्म्या ताकदीचं झालं तरी चालेल. मला आता दुसरं कोण करून देणार?"

सरसाचं भांडं तिने गरम पाण्यात ठेवलं, सरस पाण्यासारखा पातळ होईतो ढवळला. ढलपीचं टोक सुईने किंचित उचललं, तोडायचं नाही आणि पुढे फाकवायचंही नाही इतपत, आणि सिरिंजने सरस आत सोडला. दुसऱ्या बाजूने थेंब बाहेर येईपर्यंत सोडत राहिली. थेंब आला म्हणजे आत पोकळी राहिली नाही. अंगठ्याने दाबून जास्तीचा पुसला. वर मेणकागद, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळली. धुक्यामुळे तीन दिवस हात लावला नाही. खड्ड्यांमधला भुसा कोरून काढायला दोन दिवस गेले. ते कोरताना तिला आपण भावाचं एकेक खोटं टोकरून काढतोय असं वाटलं, आणि लगेच वाटलं, बिचाऱ्याने किती नीट भरलं होतं. तेवढ्यासाठी बोटं बरी चालली.

पट्टी सोडली तेव्हा ढलपी बसली होती. कापूस फिरवला, अडकला नाही. तिने त्या जागेवर रेशमी दोरा सरसात भिजवून गुंडाळला, ढलपीच्या दोन्ही टोकांच्या पुढे दोन-दोन बोटं. मग सबंध पाठीवर लिननचं घट्ट विणीचं कापड चिकटवलं, म्हणजे कापलेल्या थरांना वरून धरून ठेवेल. इथवर तिच्या सवयीचं काम होतं.

पण पाठीवरचा ताण कमी करायचा तर धनुष्याची ताकदच उतरवायला हवी, आणि त्यासाठी पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याच्या बाजूने, लाकूड काढायला हवं. त्यासाठी सुरी हवी.

दादाची सुरी खिळ्याला टांगलेली होती. तिने ती आधी मंडळाच्या धनुष्यांपैकी एकावर चालवली आणि एका दुपारीत ते वाया घालवलं. वरचा भाग खालच्यापेक्षा इतका मऊ झाला की दोरी चढवताच धनुष्य वाकड्या तोंडाच्या माणसासारखं दिसू लागलं. दुसरं बरं झालं. नर्सबाईंचं तिने तिसरं घेतलं. एकेक पापुद्रा काढायचा, दोरी चढवायची, भिंतीवरच्या खुंटीला अडकवून हळूहळू ओढायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचं, परत उतरवायचं. असं चौदा दिवस चाललं.

त्यातल्या एका सकाळी वहिनी दादाला घेऊन दारात उभी राहिली. न सांगता. सुरी चालल्याचा आवाज मागच्या खोलीत ऐकू जात होता. बहुधा तो आवाजच त्याला घेऊन आला. तो खुर्चीत बसला नाही. वहिनीच्या आधाराने उभा राहून खुंटीला ताणलेल्या धनुष्याकडे बघत राहिला.

"वरचा भाग कडक आहे अजून," तो म्हणाला. "मुठीजवळ काढ."

"किती?"

"तुला दिसेल."

त्याने तिला दिलेलं हे पहिलं आणि शेवटचं शिक्षण. तिने मुठीजवळ काढलं. धनुष्य सारखं वाकलं. मागे वळून बघितलं तर दोघं परत गेली होती.

नर्सबाईंचं धनुष्य आधीपेक्षा पुष्कळ हलकं झालं, लांबचा पल्ला गाठेना. त्यांनी मैदानावर दहा-बारा बाण सोडून बघितले आणि म्हणाल्या, "माझ्या दुखऱ्या खांद्याला हेच बरं." त्या चांगल्या मनाच्या बाई होत्या, त्यांनी दुसरं काही म्हटलं नसतंच.

पुढच्या थंडीच्या आधीच दादाला दुसरा झटका आला, आणि तो तीन दिवसांत गेला. हिशेबनिसाकडे दोरीताई मधल्या काळात दोनदा गेली होती. एकदा दार उघडलं नाही, एकदा ती माणसं घर सोडून गेल्याचं शेजाऱ्याने सांगितलं. कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तिरंदाजी मंडळाने शोकसभा ठेवली. घडीच्या खुर्च्या, टेबलावर दादाचा फोटो, तोही दहा वर्षांपूर्वीचा, दोन्ही हातांत सुरी धरलेला. मोजणीदार सर्वांत जास्त वेळ बोलले. दादांच्या हातून निकृष्ट काम म्हणून कधी झालं नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं. बोलून खाली बसताना त्यांची नजर दोरीताईच्या नजरेला भिडली आणि ते चष्मा पुसू लागले. नर्सबाई मागच्या रांगेत होत्या, त्या जमिनीकडे बघत होत्या. मग अध्यक्षांनी दोरीताईला विचारलं, "तुम्ही दोन शब्द बोलता का?"

ती उठली. लोकांचे चेहरे दिसले, काही खरंच रडवेले. सांगावं असं तिच्या ओठापर्यंत आलं. सहांपैकी एका धनुष्याची परगावची मालकीण अजून सापडलेली नव्हती, एक धनुष्य भिंतीवर होतं, एक माणूस एका डोळ्याने कुठल्यातरी गावात लिफाफे चिकटवत होता. आणि फोटोतला माणूस, ज्याने तिला काही न विचारता स्टूल पुढे ओढलं होतं, समोर होता.

"ज्यांच्याकडे दादाची गडद रंगाची धनुष्यं असतील किंवा कुणाकडे असल्याचं माहीत असेल," ती म्हणाली, "त्यांनी ती ओढू नयेत. मला आणून द्यावीत. माझ्याकडून तेव्हा काम नीट झालं नव्हतं."

सभेत थोडी कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "हे आत्ता सांगायचं का?" ती खाली बसली.

घरी वहिनी उंबऱ्याशी वाट बघत होती. तिला सभेला जायचा धीर झाला नव्हता.

"काय बोलले सगळे?"

"चांगलं बोलले."

"आणि तुम्ही, वन्सं?"

"मी धनुष्यं परत मागितली."

वहिनीने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर होता, तो तिने गिळला. "या आत. गार झालंय सगळं," म्हणाली आणि ताटं घ्यायला वळली. दोघी जेवल्या.